मित्राचं गुपित, जामिनकीची सही आणि आपला विश्वासूपणा

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर चारचौघं वाचणार आहेत, म्हणून गाव, चर्चची मंडळी, कामधंदा असं ओळख पटेल ते सगळं गाळून तुमचा प्रश्न आधी मांडतो.

शब्बाथ शाळेपासूनचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गापासूनचा तुमचा मित्र. शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर पैसे लावायच्या नादात त्यानं साठवलेले पैसे घालवले, वर उसनवारी झाली. एका रात्री त्यानं ते फक्त तुम्हाला सांगितलं. बायकोला ठाऊक नाही, तूही कुठे बोलू नकोस, म्हणाला. पुढे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहशील का, असंही त्यानं विचारलं. तुम्ही "बघतो" म्हणालात. दीड वर्ष हे ओझं एकट्यानं वागवलंत, मग पेलवेना म्हणून मंडळीतल्या एका ज्येष्ठांना "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं म्हणून सगळं सांगितलंत. महिन्याभरात गोष्ट मंडळीभर झाली. आता मित्र तुम्हाला पाहून रस्ता बदलतो. त्याची बायको फोन करून "भाऊजी, खरं काय ते तुम्ही तरी सांगा" म्हणते. आणि तुम्ही मला विचारता, ख्रिस्ती माणसानं विश्वासू मित्र व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि माझं खरंच चुकलं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चुकलं. हेतू चांगला होता हे मान्य. पण त्यानं सोपवलेली गोष्ट तुमची नव्हती, ती त्याची होती आणि तुमच्याकडे ठेवायला दिली होती. शेजाऱ्यानं ठेवायला दिलेला डबा आपण चांगल्या हेतूनंसुद्धा दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवत नाही.

हे मी ओट्यावर बसून सांगत नाही. पाळकीय सेवेत मला तीस वर्षं होऊन गेली, आणि पहिल्याच नेमणुकीत मी हेच केलं. नगर जिल्ह्यातलं एक खेडं, चाळीस-पंचेचाळीस ख्रिस्ती घरं. माझा एक जुना मित्र तिथेच शेती करायचा. जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत हात उचलण्यापर्यंत गेलं होतं, ते त्यानं मला सांगितलं. पुढच्या रविवारी माझ्या संदेशाचा विषय होता क्षमा. मी व्यासपीठावरून म्हणालो, "माझ्या माहितीतले एक बंधू आहेत..." नाव घेतलं नाही. एवढ्याशा गावात नाव घ्यावं लागतच नाही. तिसऱ्या बाकावर त्याची आई बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला तेव्हा मला कळलं, पण वाक्य सुटून गेलं होतं.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. उठला, हात धुतले, खुर्ची झटकून पुढे केली, आत चहा सांगितला. मग म्हणाला, "बसा, पाळकसाहेब." तोवर मी त्याच्यासाठी "अरे" होतो, "ए" होतो, चिडला तर त्याहून खालचं काही होतो. त्या दिवशी त्यानं शिवी दिली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो.

आता तुमच्या त्या "प्रार्थनेत आठवण ठेवा" कडे येतो, कारण आपल्या मंडळ्यांतलं हे जुनं दुखणं आहे. चहाडीला सगळे नाकं मुरडतात, पण तिलाच प्रार्थनेचा विषय म्हटलं की ती पहिल्या बाकावर येऊन बसते. घरगुती प्रार्थना सभा तुम्ही पाहिल्या आहेत. गीत होतं, वचन होतं, मग कोणीतरी म्हणतं, काही विनंत्या असतील तर सांगा. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीची दहावी. मग एक आवाज खाली येतो: "एका कुटुंबाची आठवण करू या. नाव नको. पण लेकरं लहान आहेत, आणि त्याला तो मोबाइलवरचा नाद..." सगळे डोळे मिटतात आणि प्रत्येकाच्या मिटल्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे खुद्द प्रार्थनेतच तपशील येतो: "हे प्रभू, तिचे दागिने गहाण पडलेत, तिला धीर दे." जणू दागिन्यांचं प्रभूला आत्ताच कळलं! व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना गटांनी तर या कामाला चाकं लावून दिली. जोडलेल्या हातांच्या पाच-पन्नास खुणा खाली पडतात, आणि त्या पन्नासांतले दहा जण मजकूर पुढे ढकलतात.

तुम्ही असं काही केलं नाही, एकालाच सांगितलंत, हे मला माहीत आहे. त्या ज्येष्ठांनीही बहुधा एकालाच सांगितलं असेल. प्रत्येक जण एकालाच सांगतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायातलं १३ वं वचन काढून वाचा. चहाडखोर गुप्त गोष्ट उघड करतो आणि निष्ठावान मनाचा माणूस ती झाकून ठेवतो, असा त्याचा आशय आहे. दोनच माणसं आहेत तिथे. चांगल्या हेतूनं उघड करणारा असा तिसरा प्रकार त्या वचनात नाही.

मग ओझं एकट्यानंच वाहायचं का? नाही. एक तर त्यालाच विचारायचं: "मला हे झेपत नाही, अमक्याशी बोलू का?" बहुतेक वेळा माणूस थोडा विचार करून हो म्हणतो, कारण त्यालाही कोणीतरी हवं असतं. नाही म्हणाला तर दुसऱ्या गावचा पाळक किंवा समुपदेशक गाठायचा, ज्याला तुमचा मित्र कोण हे कधी कळणार नाही, आणि तिथे आपल्या ओझ्याबद्दल बोलायचं. सभेत विनंती सांगायचीच असेल तर "माझ्या मनावर एक भार आहे" एवढंच पुरे. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाच्या वेळी ऐकलेलं धर्मगुरूनं कुणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगायचं नाही, असा चर्चचा कायदाच आहे. आपल्या मैत्रीवर असा शिक्का कोणी मारून देत नाही. तो आपला आपण मारून घ्यायचा असतो.

आता मोठा प्रश्न. निष्ठा.

हा शब्द आपल्याकडे राजकारणानं वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. निष्ठावंत म्हणजे साहेबांच्या मागे उभा राहून मान डोलावणारा, अशी त्याची गत झाली. मैत्रीतही आपण तसंच धरतो: निष्ठा म्हणजे बाजू घेणं, पांघरूण घालणं, त्याच्या शत्रूला आपला शत्रू मानणं. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, सगळ्यात नावाजलेली मैत्री दावीद आणि योनाथानाची, पण ती या मापात बसत नाही.

१ शमुवेलाच्या १८ व्या अध्यायात योनाथान आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद काढून दावीदाला देतो. सगळे संदेश तिथेच रंगतात. मला मात्र १९ वा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे दावीद समोर नाही, आणि योनाथान आपल्या बापासमोर, दावीदाच्या जिवावर उठलेल्या शौल राजासमोर, मित्राबद्दल चांगलं बोलतो: ह्यानं तुमचं काय वाईट केलं, निर्दोष रक्ताचं पाप का घेता? पुढच्या अध्यायात याच कारणावरून शौल स्वतःच्या मुलावर भाला उगारतो. दावीदाला यातलं काही ऐकू येत नव्हतं, तो शेतात लपलेला होता. मग २३ व्या अध्यायात योनाथान रानात जाऊन त्याला भेटतो आणि देवाच्या ठायी त्याला बळ देतो. त्यानंतर दोघांची भेट झाल्याचं शास्त्रात नाही. आणि हाच योनाथान शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर बापाच्याच बाजूनं लढताना पडतो. मित्रासाठी त्यानं बाप सोडला नाही, बापासाठी मित्र विकला नाही. बापाचं चुकलं ते बापाच्या तोंडावर सांगितलं.

(याच गोष्टीत योनाथान दावीदासाठी खोटंही बोलतो. दावीद बेथलेहेमला घरच्या यज्ञाला गेला आहे, असं तो शौलाला सांगतो. शास्त्र त्यावर बरं-वाईट काही म्हणत नाही, म्हणून मीही तिथे प्रवचन देत नाही. पण तिथे एकाचा जीव टांगणीला होता. आपलं बहुतेक खोटं बोलणं अब्रूसाठी असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.)

योनाथान मेल्यावरची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगत नाहीत. त्याचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीद राजा झाल्यावर, योनाथानाला दिलेल्या वचनाखातर, त्याला लो-दबारहून शोधून आणतो आणि आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो. इथवर २ शमुवेलाचा ९ वा अध्याय. पण १६ वा वाचा. आपल्याच मुलाच्या, अबशालोमाच्या बंडात दावीद पळून चाललेला असताना मफीबोशेथाचा चाकर सीबा गाढवांवर भाकरी, मनुका, द्राक्षारस लादून येतो आणि म्हणतो, माझा मालक तर तुमच्या राज्यावर डोळा ठेवून यरुशलेमेत थांबलाय. दावीद काही विचारत नाही. तिथल्या तिथे मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकतो. परतल्यावर मफीबोशेथ समोर येतो. राजा गेल्यापासून त्यानं पाय धुतलेले नाहीत, दाढी केलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत, आणि तो म्हणतो, चाकरानं मला फसवलं, माझी चहाडी केली. मग दावीद ओशाळून म्हणतो, जमीन दोघांत वाटून घ्या. जिवलग मित्राच्या अधू मुलाबद्दल एका बाजूचं ऐकून दावीदानं निकाल दिला. दावीदासारख्याचं असं होतं, तर रविवारी उपासनेनंतर आवारात उभे राहून आपण ऐकतो त्याचं काय होत असेल!

तुमच्या पत्रातली एक ओळ मला या सगळ्यापेक्षा जास्त बोचली. तुम्ही लिहिलंय: "मी त्याला कधीच टोचून बोललो नाही, होईल सगळं नीट असंच म्हणत राहिलो." माझ्या मते गुपित फुटण्याच्या आधीच इथे तुमचा विश्वासूपणा सुटला. दीड वर्ष तुम्ही त्याच्या तोंडावर गप्प राहिलात आणि शेवटी पाठीमागे बोललात. शास्त्राचा क्रम नेमका उलटा आहे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशू म्हणतो, भावाकडे जा, दोघे एकांतात असताना बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही, तर मंडळीला सांग. आपल्याकडे काम थेट तिसऱ्या पायरीपासून सुरू होतं, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला शेवटी कळते. मित्रानं केलेल्या जखमा विश्वासाच्या असतात आणि वैऱ्याची चुंबनं भरमसाट, हेही नीतिसूत्रांतच आहे, २७ व्या अध्यायात. तुमचं "होईल नीट" हे त्या चुंबनांच्या जातीचं होतं. माझंही बरंचसं आयुष्य तसंच गेलं आहे. आपल्याला वाईटपणा घ्यायला नको असतो.

कसं सांगायचं, असं विचाराल. माहिती घेऊन सांगायचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी जाहीर केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं त्यात दिसलं. हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. त्यात दोन गोष्टी एकदम सांगून होतात. तू मूर्ख नाहीस, शंभरातल्या त्र्याण्णवांपैकी एक आहेस. आणि घालवलेलं याच वाटेनं परत मिळवीन म्हणशील तर मी "बघू" म्हणणार नाही, मी "नको" म्हणणार. शरमेनं खचलेल्या माणसाला पहिलं ऐकावं लागतं, तेव्हा कुठे दुसरं कानात शिरतं.

जामिनकीचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैशाच्या व्यवहारानं तुटलेल्या मैत्र्या मी आजारपणानं गेलेल्या माणसांपेक्षा जास्त पाहिल्या.

आधी कायदा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी त्याच्याकडून वसूल करतील, उरलं तर माझ्याकडे येतील, ही समजूत खोटी. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते, आणि त्यात जामीनदारांचीही नावं असतात. सही करताना व्यवस्थापक हसून म्हणतो, "नुसती फॉर्मॅलिटी आहे." फॉर्मॅलिटी असती तर तुमच्या पगाराची स्लिप कशाला मागितली असती?

आता शास्त्र. नीतिसूत्रांचा ६ वा अध्याय जामीन राहिलेल्या माणसाला म्हणतो, झोपू नकोस, डोळ्याला डोळा लावू नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिण सुटतं तशी सुटका करून घे. २२ वा अध्याय विचारतो, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? इतक्या व्यवहारी भाषेत शास्त्र क्वचितच बोलतं. पण त्याच शास्त्रात फिलेमोनाला लिहिलेलं प्रेषित पौलाचं पत्र आहे. पौल कैदेत आहे. अनेसिम नावाच्या दासासाठी तो त्याच्या धन्याला, म्हणजे फिलेमोनाला लिहितो, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. मी पौल हे माझ्या हातानं लिहितोय, मी फेडीन. ही जामिनकीच झाली.

मग नीतिसूत्रं खरी की पौल? दोन्ही. पौलानं भिडेपोटी सही केली नाही. त्यानं उघडपणे, लिहून, घेणेकऱ्याला सांगितलं आणि फेडायच्या तयारीनं सांगितलं. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. तेव्हा माझा सल्ला असा: जी रक्कम उद्या तुमच्या घरातून गेली तरी तुमची चूल चालेल आणि तुम्ही त्याच्याशी हसून बोलू शकाल, तेवढीच तुमची. ती जामिनकी म्हणून नको, उसनी म्हणूनही नको, हातात द्या आणि विसरा. दहा हजार असोत, दोन हजार असोत. त्याहून मोठ्या आकड्यावर सही नको. आणि तुमच्या बायकोला माहीत असल्याशिवाय यातलं काहीच नको. त्यानं आपल्या बायकोपासून लपवलं म्हणून तुम्ही दुःखी आहात, तेच तुमच्या घरात सुरू करू नका.

पैशाहून मोठी मदत दुसरी आहे. एक वही घ्या आणि त्याच्याबरोबर बसून सगळी देणी लिहून काढा. कोणाचे किती, व्याज किती, तारीख कोणती. कर्जात बुडालेला माणूस ही यादी एकट्यानं कधीच करत नाही, भीतीनं. मी अशा चार-पाच याद्यांना बसलो आहे. पहिल्या पानावर माणसाचा हात थरथरतो आणि तो मधेच पाणी प्यायला उठतो. तिसऱ्या पानावर तो स्वतःच म्हणायला लागतो, "हे सोनं मोडलं तर हे दोन सुटतील." आकडा तोच असतो, पण तो आता डोक्यातून कागदावर आलेला असतो.

त्याच्या बायकोला काय सांगायचं? तिला तुम्ही सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. "वहिनी, हे तुम्ही त्यालाच विचारा. मी काही लपवत नाही, पण ते सांगायचा हक्क माझा नाही." एवढंच. या वाक्यातच तिला पुष्कळ कळेल, हे मलाही ठाऊक आहे. इलाज नाही. मग त्याला जाऊन सांगा की वहिनीनं मला विचारलं, मी असं उत्तर दिलं, आता तू सांग. तू सांगताना मी शेजारी बसावं असं तुला वाटत असेल तर बसतो, असंही त्याला म्हणा. नवऱ्याचं गुपित मित्रानं फोडू नये, तसंच मित्रानं ते नवऱ्याच्या पोटात सडूही देऊ नये.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर. गुपित ठेवायलाही हद्द आहे. तो जर "माझं आता काही खरं नाही", "मी गेलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील" असलं काही बोलला, तर त्या क्षणी गुपित संपलं. सरळ विचारा, "जिवाचं काही बरं-वाईट करायचं मनात येतंय का?" असं विचारल्यानं मनात नसलेलं भरतं, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलतात. तसंच लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कोणी "कुणाला सांगू नकोस" म्हणून सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि मंडळीची अब्रू हे त्याला कारण होऊ शकत नाही. इथे गप्प राहणं म्हणजे मैत्री नव्हे. त्यानं रागावून तुम्हाला कायमचं तोडलं तरी चालेल. जिवंत राहून रागावू दे.

आता त्याच्याकडे जायचं.

वसईकडच्या आमच्या कॅथलिक बंधूंच्या बायबलमध्ये सिराकचा ग्रंथ आहे, आम्हा प्रॉटेस्टंटांच्या शास्त्रात तो नाही. त्याच्या २७ व्या अध्यायात मित्राचं गुपित फोडणाऱ्याबद्दल फार कठोर लिहिलंय: हातातलं पाखरू सोडून द्यावं तसा तू मित्र सोडून दिलास, आता त्याच्या मागे धावू नकोस, जखम बांधता येते, शिवीगाळीनंतर समेट होतो, पण गुपित फोडणाऱ्याला आशा नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमचा मित्र रस्ता का बदलतो, ते कळावं म्हणून सांगतो. तो रुसलेला नाही. त्याला तुमच्यासमोर उघडं पडल्यासारखं वाटतं.

पण योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्यायही आहे. येशूचा शिष्य पेत्र यानं प्रभूला नाकारलं तेव्हा तो महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर प्रभूनं समुद्रकाठी त्याच्यासाठी न्याहारी केली, तीही कोळशाच्या विस्तवावर. आणि तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" तीनदा नाकारलं, म्हणून तीनदा. जे झालं त्याला वळसा घातला नाही. ज्या प्रभूनं वल्हांडणाच्या रात्री "आपल्या मित्रांकरता आपला प्राण द्यावा ह्यापेक्षा कोणाची प्रीती मोठी नाही" म्हटलं, त्यानंच आपल्याला सोडून पळालेल्या मित्रांसाठी मासे भाजले.

तेव्हा माफी मागताना नेमक्या त्याच जागी जा. "काही चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नव्हे. "तू मला अमुक सांगितलंस, सांगू नको म्हणालास, मी अमक्यांना सांगितलं. माझी चूक झाली." इथे थांबा. "पण मी प्रार्थनेसाठीच..." हे वाक्य घशापर्यंत येईल, गिळा. तो बोलेल ते ऐका. नाही बोलला तर तेही ऐका. शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर ते फार चांगले मित्र होते.

त्या ज्येष्ठांनाही भेटा आणि नम्रपणे सांगा की मी तुम्हाला सांगायला नको होतं, कृपा करून हे इथेच थांबवा. सांडलेलं भरता येणार नाही, पण नळ तर बंद होईल.

विश्वास परत कधी बसेल, ते तुमच्या हातात नाही. पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा मार्कावरून इतके भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यातून घरी परतला होता, आणि पौलाला तो पुन्हा बरोबर नको होता. बर्णबानं मार्काला धरून ठेवलं. पुष्कळ वर्षांनी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते लिहिलेलं नाही. माझ्या त्या मित्रानं सात वर्षं घेतली. माझी बदली झाली होती, त्याच्या आईच्या मातीला मी पाहुण्यासारखा गेलो आणि मागे उभा राहिलो. पेटी खाली उतरवताना एका बाजूला माणूस कमी पडला. त्यानं दोराचं टोक माझ्याकडे फेकलं आणि म्हणाला, "अरे, धर की."

तुम्ही शनिवारी संध्याकाळी जा, रविवारी उपासनेनंतर आवारात गाठू नका. एकटेच जा. शास्त्र काखेत घेऊन जाऊ नका, त्याला वाटेल उपदेश आला. दारातूनच परतवलं तर "पुढच्या शनिवारी येतो" म्हणा आणि खरंच जा. आणि जामिनकीचं उत्तर पहिल्या भेटीतच द्या, नाही तर नाही म्हणून. तुमच्या त्या "बघतो" वर तो कदाचित अजून थांबलेला असेल.